चालते आहे तोवर

तुमसरच्या बाजारात लग्नपत्रिका छापणारे एक दुकान आहे. आंबागडहून तालुक्याला गेलो की मी तिथे थोडा वेळ टेकतो. दुकानात दोन संगणक आहेत. नवा पुढे ठेवलेला, गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला. खरे काम चालते ते मागच्या खोलीतल्या जुन्यावर. त्यावर विंडोज एक्सपी आहे, आणि त्याच्या पाठीमागे प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बोटभर लांबीचे एक डोंगल खोचलेले आहे. ते काढले की मराठी अक्षरांचे पॅकेज उघडत नाही. पंचक्रोशीतल्या वीस वर्षांच्या पत्रिका, गावोगावच्या स्मरणिका, भजनी मंडळांच्या पुस्तिका, ग्रामपंचायतींचे अहवाल त्या एका पॅकेजात बसलेले आहेत. पॅकेज विकणाऱ्याने ते नव्या विंडोजवर आणून दिले नाही, आणि दुकानदाराने जुने सोडले नाही.

एका वैशाखात, ऐन लगीनसराईत, या संगणकाची तारीख सकाळी उठून वीस वर्षे मागे गेली. दुरुस्तीवाला आला, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल त्याने बदलला, काही रुपये घेतले आणि गेला. संगणक पूर्ववत सुरू झाला. दुकानदार मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सेल मेला तं बाजारात भेटला जी. हे पॅकेज मेलं, तं कोनाले बोलवू?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून उगवले आहे.

त्या सेलबद्दल आधी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या पोटात लिथियमच्या जोडीला मँगनीज डायॉक्साइड असते. आमच्या तुमसर तालुक्यात मॉइल या सरकारी खाण कंपनीच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत, आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायॉक्साइड बॅटरीच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सेल करायला खाण लागते, खाणीत मजूर लागतात आणि त्यांना मजुरी मिळते. म्हणून सेल मिळत राहतो. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, त्याला गंज चढत नाही, म्हणून त्याच्यामागेही मजुरी लागते हे आपण विसरतो. जुन्या यंत्रणेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची मजुरी कोणी द्यायची, किती काळ द्यायची आणि कशासाठी द्यायची, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

'कालबाह्य' या शब्दापासून सुरुवात करू. बैलगाडीचे चाक झिजते, इंजिनाचा पट्टा तुटतो. ऑपरेटिंग सिस्टीमचे तसे होत नाही. २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी आज ज्या संगणकावर चालते आहे, तिथे ती पहिल्या दिवशी जशी चालत होती तशीच चालते. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्या दुरुस्त्या देणे थांबवले आणि त्या दिवसापासून ती कालबाह्य ठरली. विंडोज ७ ची पाळी १४ जानेवारी २०२० रोजी आली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यांतल्या कुठल्याही तारखेला एकही संगणक बिघडला नाही. बिघडला तो संगणक आणि त्याच्याकडे लक्ष देणारी माणसे यांच्यातला संबंध.

तो संबंध तुटला की चालते यंत्र हळूहळू वाळीत पडते. ते कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढची प्रकरणे उलगडणार नाहीत. पहिले कारण सुरक्षेचे. सॉफ्टवेअरमधली भोके वर्षानुवर्षे सापडत राहतात आणि ती बुजवणारा कोणी उरलेला नसतो. दुसरे कारण ओळखपत्रांचे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपण खरे आहोत याचे प्रमाणपत्र दाखवते आणि संगणक ते आपल्याजवळच्या मूळ प्रमाणपत्रांशी ताडून पाहतो. या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक मूळ प्रमाणपत्र संपले, आणि ज्या जुन्या यंत्रांना नवे मिळाले नव्हते त्यांना हजारो संकेतस्थळे एका दिवसात परकी झाली. जुन्या अँड्रॉइड फोनांसाठी मात्र संकेतस्थळांना प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने आधीच वेगळी तजवीज करून ठेवली होती, म्हणून ते फोन पुढे आणखी काही वर्षे चालले. तिसरे कारण अवजारांचे. ज्या अवजारांनी प्रोग्रॅम घडतात, ती अवजारेच काही काळाने जुन्या यंत्रणेसाठी काम करणे सोडतात. मग एखाद्याला जुन्या विंडोजसाठी नवा प्रोग्रॅम लिहायची इच्छा असली, तरी त्याला आधी अवजारे जुळवावी लागतात. क्रोम ब्राउझरने एक्सपीची साथ २०१६ मध्ये सोडली. फायरफॉक्सने ती २०१८ पर्यंत निभावली. ही जास्तीची दोन वर्षे कोणाच्या तरी पगारातून आली होती.

इथे पैशाची गोष्ट सुरू होते. एक्सपीची मुदत संपली तेव्हा ब्रिटनच्या सरकारने तिथल्या सरकारी संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे ५५ लाख पौंड मोजले आणि वर्षभराच्या दुरुस्त्या विकत घेतल्या. अमेरिकेच्या नौदलाने २०१५ मध्ये याच कामासाठी सुमारे ९१ लाख डॉलरांचा करार केला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक गोठवले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा लगेच दुरुस्ती काढून सर्वांना फुकट दिली. दुरुस्ती करता येत होती, ती जाणणारी माणसेही होती. पैसे मोजणाऱ्याला ती रोज मिळत होती, बाकीच्यांच्या वाट्याला एका संकटाच्या दिवशी आली.

आपल्याकडचे मोठे उदाहरण एटीएमचे. देशभरची कितीतरी एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये मुंबईहून परिपत्रक काढले आणि मुदत संपलेल्या यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत हे काम पुरे करायला बँकांना सांगितले. हा निर्णय बरोबर होता, आणि तो मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो. जुने ते सगळे जपावे, असा या पुस्तकाचा आग्रह नाही. जिथे दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा जीव किंवा दुसऱ्याची खासगी माहिती यंत्राच्या हवाली असते आणि ते यंत्र जगाच्या जाळ्याला जोडलेले असते, तिथे जुने बदलणे हेच कर्तव्य आहे. पण तुमसरच्या दुकानातला संगणक जाळ्याला जोडलेला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले उपकरण, कारखान्यातले लेथ, वाचनालयाची जुनी सूची, छापखान्याची पाने यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे नवे आणण्याचा खर्च जुने राखण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नव्यात जाताना जे गळते ते परत येत नाही.

ज्यांच्यामागे सरकारही नाही आणि बँकही नाही, अशांनी काय केले? पुस्तकाचा मधला मोठा भाग या लोकांचा आहे. बी नावाच्या कंपनीची बीओएस ही देखणी यंत्रणा २००१ मध्ये कंपनीबरोबरच संपली. तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. तिचे नाव हायकू. वीस वर्षे हे काम बहुतांशी फावल्या वेळात झाले. २०२१ मध्ये हायकूच्या ना-नफा संस्थेने देणग्यांच्या पैशातून एक प्रोग्रॅमर पूर्णवेळ मोबदल्यावर नेमला. आयबीएमच्या ओएस/२ चा आधार २००६ अखेर संपला, तरी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची मेट्रोकार्डाची व्यवस्था त्यावर पुढेही चालत राहिली. २०१७ मध्ये आर्का नोए या कंपनीने त्याच यंत्रणेची आर्काओएस ही नवी आवृत्ती विकायला आणली, आणि वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून आपल्यासाठी आधुनिक ब्राउझर बांधून घेतला. विंडोजआधीची डॉस ही यंत्रणा जाणार हे दिसताच १९९४ मध्ये जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने फ्रीडॉस सुरू केले. तीस वर्षांनंतर, २०२५ मध्येही, त्याची नवी आवृत्ती निघाली.

या सगळ्यांनी मोबदल्याच्या तीन रीती वापरून पाहिल्या. एक रीत बक्षिसाची: अमुक काम करा, तमुक रक्कम घ्या. दुसरी वर्गणीची: ज्यांना गरज आहे त्यांनी मिळून पैसे जमवायचे आणि काम करून घ्यायचे. तिसरी नेमणुकीची: एका माणसाला महिन्याचा मोबदला द्यायचा आणि पडेल ते काम त्याने पाहायचे. बक्षीस ऐकायला चांगले वाटते, पण त्यातून नवे, दिसणारे काम होते. कोपऱ्यातली चूक शोधणे, जुनी फाईल उघडते की नाही ते दर महिन्याला तपासणे, दुसऱ्याने लिहिलेले वाचून समजून घेणे अशा कामांवर कोणी बक्षीस लावत नाही. वर्गणीने एक मोठे काम तडीस जाते, पण पुढल्या वर्षी पुन्हा दारोदार जावे लागते. देखभाल टिकते ती नेमणुकीने. पुस्तक लिहिताना जमवलेल्या सगळ्या उदाहरणांचा निष्कर्ष माझ्यापुरता हा आहे.

महाराष्ट्राच्या गावगाड्याला ही गोष्ट ठाऊक होती. शेतकरी सुताराला नांगर मोडल्याच्या दिवशी पैसे देत नसे. सुगी झाली की खळ्यावर त्याचे बलुते मोजून देई, त्या वर्षी नांगर मोडो अथवा न मोडो. वर्षभर सुतार गावात आहे, हाक मारली की येणार आहे, याची ती किंमत होती. बलुतेदारी जातीने जखडलेली होती. त्या व्यवस्थेने माणसांना पिढ्यान्पिढ्या अपमान आणि अन्याय दिला, आणि ती गेली हे चांगले झाले. तिच्यातला हिशेब मात्र उचलण्यासारखा आहे: दुरुस्तीचा मोबदला बिघाडाच्या दिवशी ठरवायचा नसतो. आजच्या कचेऱ्यांत झेरॉक्स यंत्राची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची बोली, असते, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची असते. मराठी अक्षरांची कुठे असते?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून पुस्तकातला सर्वांत लांब भाग मराठीच्या वाट्याला आला आहे. संगणकावर देवनागरी आणण्याची कथा मोठ्या कष्टांची आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत पुढे गेले. डॉसच्या संगणकात जिस्ट कार्ड बसवले की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली गेली. पण ते मानक घराघरांतल्या विंडोजपर्यंत यायला पुढे बरीच वर्षे गेली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. अक्षरांवर आयुष्यभर प्रेम केलेल्या र. कृ. जोशी यांनी तो घडवला होता. त्यानंतरच्या एक्सपीतही सीडी घालून मराठीची सोय वेगळी चालू करावी लागे, आणि ती कुठे असते हे फारच थोड्यांना माहीत होते.

मधल्या काळात मराठी थांबली नव्हती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचे आयएसएम यांच्यावर वर्तमानपत्रे निघाली, पुस्तके छापली गेली, कचेऱ्यांची पत्रे टंकली गेली. विदर्भात कृतिदेवचा वापर फार. या फॉन्टांची युक्ती अशी होती, की संगणकाला वाटायचे आपण रोमन अक्षर साठवतो आहोत आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा पोशाख चढवायचा. कृतिदेवमध्ये रोमन 'डी'च्या जागी 'क' असतो आणि 'के'च्या जागी काना. म्हणजे आपण 'का' टंकतो आणि फाईलमध्ये 'डी' व 'के' जाऊन बसतात. फॉन्ट असेपर्यंत ते मराठी असते, फॉन्ट गेला की निरर्थक रोमन कचरा.

ही पाने युनिकोडमध्ये आणणे म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवणे नव्हे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' आधी यावा लागतो. 'किर्ती'सारखी साधी चूकसुद्धा मूळ टंकणाऱ्याची आहे की यंत्राने केलेली, हे ओळखावे लागते. मराठीचा 'ऱ्य' वेगळा सांभाळावा लागतो. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, आणि कधी कधी एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांचाही वेगळा. मजकूर बाहेर काढायचा तर आधी तो ज्या पॅकेजात आहे ते उघडले पाहिजे, पॅकेज उघडायला जुनी विंडोज हवी, आणि तिच्यावर चालणारे, डोंगल ओळखणारे, नव्या पेनड्राइव्हशी बोलणारे सॉफ्टवेअर हवे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आज कोणी प्रोग्रॅम का लिहावा, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर हे आहे. पलीकडे मराठीचे एक अख्खे दशक, कुठे दोन दशके, अडकून पडली आहेत, आणि तिथे जाणारा पूल जुन्या यंत्राच्या काठावरूनच बांधावा लागतो.

आजवर हा पूल बहुतेक ठिकाणी हौशी माणसांनी बांधला आहे. कोणी प्राध्यापकाने, कोणी अभियंत्याने रात्री जागून परिवर्तक लिहिला आणि फुकट वाटला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण नोकरी बदलते, तब्येत बिघडते, संसार वाढतो, आणि परिवर्तकाची पुढची आवृत्ती निघत नाही. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचे आवाहन केले, कारण बेकारभत्त्याची तिथली यंत्रणा दशकांपूर्वीच्या कोबोलवर चालत होती आणि अर्जांच्या लोंढ्याखाली वाकली होती. श्रीमंत राज्यालाही ही वेळ आली, कारण देखभालीच्या माणसाची जागा आधीच रिकामी झालेली होती.

यातली एक गोष्ट मला बोचते. जुन्या यंत्रांची देखभाल हाच तर आपल्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा पाया आहे. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीने सत्तरच्या दशकात परदेशासाठी केलेली सुरुवातीची कामे एका जातीच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर उतरवण्याची होती. पुढे वर्ष २००० चा प्रश्न आला. दोन आकड्यांत साठवलेली वर्षे चार आकड्यांची करायला अमेरिका-युरोपातल्या बँका आणि विमा कंपन्यांना कोबोल वाचणारी माणसे हवी होती. अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात बसून आपल्या मुलामुलींनी ते काम केले, आणि त्या पगारांवर मध्यमवर्गाची घरे उभी राहिली. दुसऱ्यांची चाळीस वर्षांची जुनी यंत्रे आपण मोबदला घेऊन जपली. स्वतःच्या भाषेची वीस वर्षांची जुनी पाने जपायला मात्र मोबदला द्यायचा असतो, हे आपल्या मनात येत नाही. अंगी विद्या आहे, माणसे आहेत, नाही ती फक्त अंदाजपत्रकातली एक ओळ.

देखभाल थांबली की काय होते, हे आंबागडात राहणाऱ्या माणसाला रोज समोर दिसते. गावाजवळच्या डोंगरावर किल्ला आहे. १७०० च्या सुमारास, देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या काळात, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला. उपयोग संपला, माणूस निघून गेला, आणि झाडांची मुळे भिंतीत शिरली. आता त्या भिंती पुन्हा उभ्या करायच्या, तर चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. आणि भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे शेकडो तलाव बांधले आणि त्यावर भाताची शेती फुलवली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा मालगुजार गेला, हे न्यायाचेच झाले. तलाव सरकारजमा होऊन 'माजी मालगुजारी', म्हणजेच मामा तलाव झाले. पण दरसाल पाळ पाहणारा, गाळ उपसायला माणसे लावणारा हात कोणाचा, हे नीट ठरले नाही. पाळी खचल्या, तलाव उथळ झाले. नवा तलाव बांधायला निधी मिळतो, त्याचे उद्घाटन होते. गाळ काढायला मिळणे कठीण. सॉफ्टवेअरचे नेमके हेच आहे.

मार्ग नाहीत असे नाही. पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन देतो. बंगळुरूच्या झेरोधा कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरांचा निधी जाहीर केला. यांच्याकडे पाहून मराठीपुरते काय करता येईल, याचा आराखडा शेवटच्या प्रकरणात मांडला आहे. त्याचा गाभा तीन गोष्टींचा. जुन्या यंत्रणेवरच्या मराठी सॉफ्टवेअरसाठी थोडे का होईना, पण कायमचे पगारी हात असावेत. त्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम उघडा असावा, म्हणजे एक माणूस गेला तरी दुसऱ्याला तो वाचता येईल. आणि जे विकणारे आपली जुनी पॅकेजे सांभाळू इच्छित नाहीत, त्यांनी फॉन्टांचे नकाशे आणि कुलपांच्या किल्ल्या सार्वजनिक कराव्यात. यात कोणाचा तोटा नाही, कारण ज्या वस्तूची विक्रीच थांबली तिचे गुपित राखून कोणाला काही मिळत नाही.

वाचकाला एक विनंती करून थांबतो. तुमच्या गावच्या छापखान्यात, वाचनालयात, शाळेत, देवस्थानच्या कचेरीत असा एखादा जुना संगणक असेल. तो भंगारात देण्याआधी त्यातली मराठी पाने बाहेर काढून घ्या, ती कोणत्या फॉन्टात आहेत ते कागदावर लिहून ठेवा. आणि हे काम जो करून देईल, त्याला धन्यवादाबरोबर त्याच्या कामाचे पैसे द्या.

आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा